मॅट्रिक्स म्हणजे नुसतं सिमेंट नाही
पेशी एकमेकींना धरून कशा राहतात यावरच्या एका लेखात पेशींना विटा आणि बाहेरच्या मॅट्रिक्सला (म्हणजे पेशींच्या भोवती असलेल्या धाग्यांच्या जाळ्याला) सिमेंट म्हटलंय, समजायला सोपं आहे पण मला ते अपुरं वाटतं, कारण सिमेंट एकदा वाळलं की विषय संपला, मॅट्रिक्स मात्र पेशी स्वतःच बनवतात, तोडतात, परत बनवतात. कूर्चेचंच, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या लवचिक आवरणाचंच, बघा ना, पेशी अगदी थोड्या, बाकी सगळं कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं आणि त्यात पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकन (प्रथिनाला साखरेच्या साखळ्या जोडलेले रेणू), गुडघ्यावर वजन आलं की दाब तेच झेलतात. आणि कोलॅजनचे तीन पदर घट्ट राहायला व्हिटॅमिन सी लागतं, ते मिळालं नाही तर स्कर्व्ही होतो, हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या भरलेल्या जखमासुद्धा उघडतात! केवढं अवलंबून आहे बघा या धाग्यांवर.

वनस्पतींत पेशीभोवती भिंत असते, तिच्यात सेल्युलोजचे धागे, त्यांच्यामधलं जेलीसारखं पेक्टिन आणि आतून पाण्याचा दाब, म्हणून पाणी कमी पडलं की रोप मान टाकतं, भिंत तीच असते, दाब गेलेला असतो. लाकूड मात्र लिग्निन या भिंतीत भरणाऱ्या कडक पदार्थामुळे पेशी मेल्यावरही ताठ.

लेखात इंटिग्रिनवर, म्हणजे पेशीच्या पडद्यातून मॅट्रिक्सला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर, दोन ओळी तरी हव्या होत्या हो, बाहेर कडक आहे की मऊ हे पेशीला मुख्यतः त्यांच्यामार्फत कळतं.