पंप बंद करायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. म्हणे, म्हातारपणी नजर जाते ती फुप्फुसं कमजोर झाल्याने. दम्याच्या पंपाने मोतीबिंदू होतो, तेव्हा पंप आजच बंद करा. रोज अर्धा तास अनुलोम-विलोम करा, डोळ्यांत कांद्याचा रस नि मध घाला, बीटा कॅरोटीनच्या, म्हणजे गाजरात असणाऱ्या नारिंगी द्रव्याच्या, गोळ्या घ्या. मोतीबिंदू विरघळेल, ऑपरेशन नको. हे वाचून माझ्या आत्याने आपले दोन्ही पंप ट्रंकेत टाकले. म्हणून हे लिहितेय.

आधी पंपाचं. 'ऑस्ट्रेलियात सिद्ध झालंय' असं मेसेजमध्ये आहे. ते संशोधन खरं आहे. सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स भागातल्या ३६५४ लोकांचे डोळे तपासून १९९७ साली ते छापलं गेलं. स्टिरॉइडचा, म्हणजे श्वासनलिकांची सूज कमी करणाऱ्या औषधाचा, पंप ओढणाऱ्यांत डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातला मोतीबिंदू दीडपट आणि भिंगाच्या मागच्या बाजूचा जवळजवळ दुप्पट आढळला. एवढं मान्य करावंच लागतं. पण आजवर ओढलेला एकूण डोस जितका मोठा, तितका धोका जास्त, हेही त्यातच आहे. मग डॉक्टरांना विचारून डोस लागेल तेवढाच ठेवा, डोळे नियमित तपासून घ्या. पंप टाकून द्या हे त्यात आलं कुठून? आत्याच्या दोन पंपांपैकी दम कोंडल्यावर मारायच्या पंपात तर स्टिरॉइड नाहीच! मेसेज लिहिणाऱ्याने हा फरकसुद्धा सांगितलेला नाही.

मोतीबिंदू झालाच तर ऑपरेशनने दिसायला लागतं, आणि सरकारी रुग्णालयात ते फुकट होतं. पण भर पावसात रात्री दमा उसळला तर? आत्याला धरून पाखाडी उतरायची, रस्त्यावर रिक्षा शोधायची, मग तालुका गाठायचा. तोवर श्वास कोणाच्या भरवशावर घ्यायचा?

फुप्फुसांचा आणि डोळ्यांचा संबंध नाही असं मी म्हणत नाही. बराचसा संबंध धुराचा आहे. विडी-सिगारेटने फुप्फुसं जातात, मोतीबिंदू वाढतो, आणि नेत्रपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, मध्यभागाची झीज होते, जिला डॉक्टर मॅक्युलर डिजनरेशन म्हणतात. धुराडं नसलेल्या चुलीवर रांधणाऱ्या बायकांत मोतीबिंदू जास्त आढळल्याचं नेपाळ-भारत सीमेवरच्या अभ्यासात दिसलंय. आपल्याकडे गॅस आला तरी न्हाणीतली चूल लाकडांवरच पेटते. त्या धुराबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही.

बीटा कॅरोटीनचं तर उलटंच आहे. फिनलंडमध्ये विडीकाडी ओढणाऱ्या पुरुषांना या गोळ्या दिल्या, तर फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. १९९४ सालची गोष्ट. आणि मेसेज त्याच गोळ्या फुप्फुसांच्या भल्यासाठी घ्यायला सांगतो! गाजर, शेवग्याचा पाला खुशाल खा, त्याला कोणाची ना नाही.

अनुलोम-विलोम करायचा तर करा. त्याने गढूळ झालेलं भिंग परत निवळत नाही. कांद्याचा रस डोळ्यांत घालू नका, बस.

खिडकीचे गज वाकडे दिसू लागले, किंवा समोरच्या माणसाचा चेहराच मधोमध पुसट झाला, तर थांबू नका, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. नेत्रपटलाच्या त्या झिजेच्या एका प्रकारात डोळ्यात इंजेक्शन देऊन नजर वाचवता येते, पण वेळेत पोचलात तरच.

आत्याचे पंप मी ट्रंकेतून काढून तिच्या उशाशी ठेवलेत. ज्यांनी मेसेज पुढे ढकलला त्यांनी आता घरोघर जाऊन विचारावं, आणखी कोणी पंप बंद केलाय का.