डोकी मोजा, चेहरे सोडा

गावाकडे कुठलाही मोर्चा निघाला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आकड्यांची हाणामारी सुरू होते. मामा ड्रोनचा फोटो टाकतो, ‘पाच लाख!’ चुलतभाऊ म्हणतो, ‘पन्नास हजार तरी होते का?’ मी हॅम्बुर्गात बसून दोघांनाही वाचते.

इथेही काही वेगळं नाही. जानेवारी २०२४ मध्ये अतिउजव्यांविरुद्धच्या निदर्शनाला अल्स्टर तळ्याकाठी इतकी माणसं लोटली, की कार्यक्रम मध्येच आवरावा लागला. लगेच आवई उठली, फोटो बनावट आहे, लोक पाण्यावर उभे दिसतायत! दिसत होते खरे. कॅमेऱ्याच्या कोनाची करामत. अशा वेळी फोटोवरून डोकी मोजणारं सॉफ्टवेअर मला हवंच आहे.

पण मोजून झाल्यावर फोटो कुठे जातो? २०१७ च्या जी-२० परिषदेवेळी दंगल झाली आणि हॅम्बुर्ग पोलिसांनी ढीगभर चित्रण चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेत घातलं. शहराच्या डेटा संरक्षण आयुक्तांनी हरकत घेतली: नुसते रस्त्यावरून गेलेल्यांचे चेहरे कशाला साठवता? कोर्टात आयुक्त हरले, तरी २०२० मध्ये तो साठा पुसला गेला. (इथे सगळं आलबेल आहे असं नाही, निदर्शनात तोंड झाकायला बंदीच आहे.) त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं, की दिल्ली दंगलीतले ११०० हून अधिक जण सॉफ्टवेअरने ओळखले, त्यासाठी मतदार ओळखपत्रं आणि वाहन परवान्यांची माहिती वापरली. मी ती बातमी ग्रुपवर टाकली. दोन अंगठे आले. आकड्यावर रात्र रात्र भांडणारी माणसं ही!

संशोधकांचं यंत्र आणखी तिसरंच बघतं. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गटाने ४० हजारांवर फोटो वापरून संगणकाला आग, पोलीस, फलक, झेंडे ओळखायला शिकवलं, आणि फोटो किती हिंसक वाटतो तेही. त्याला २०१६ चे मराठा मूक मोर्चे दाखवले तर ‘हिंसा नाही’ एवढं तो बरोबर सांगेल. त्या गप्प गर्दीने सत्ताधाऱ्यांना किती घाम फोडला, ते कुठल्या रकान्यात भरणार?

२०१८ मध्ये शेतकरी नाशिकहून १८० किलोमीटर चालत मुंबईला आले. तेव्हा सगळीकडे फिरले ते सोललेल्या, फोड आलेल्या तळव्यांचे फोटो. मामानेही त्यातला एक टाकला होता. त्यात चेहरा नव्हता, झेंडा नव्हता, गर्दीही नव्हती. त्या दिवशी आकडा कुणी विचारला नाही.