तान्ह्या बाळाच्या तापाचं बिल नेमकं कशाचं असतं?

एक मेसेज फिरतोय: 'तान्ह्या बाळाला ताप आला की हॉस्पिटलवाले घाबरवून भरती करतात, पाठीतलं पाणी काढतात, महागडी अँटिबायोटिक्स देतात आणि बिल फुगवायला पंधरा दिवस ठेवून घेतात. दोन दिवस वाट बघा, पातळ औषधाने घरीच बरं होतं.' बिलाचा धसका मला समजतो. पण हे वाचून एखादी आई खरंच दोन दिवस थांबेल, म्हणून हे लिहितेय.

'ताप व्हायरलच असतो.' मोठ्या मुलांत बहुतेकदा असतो. पण तीन महिन्यांच्या आतल्या बाळांना ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला, तर साधारण दहातल्या एकाला गंभीर जिवाणूसंसर्ग निघतो. बहुतेकदा लघवीचा, क्वचित रक्ताचा किंवा मेंदूच्या आवरणाचा, म्हणजे मेंदूज्वर. आणि ते एक बाळ नुसतं बघून ओळखता येत नाही. एवढ्या लहान बाळाची मेंदूज्वरातही मान ताठ होईलच असं नाही. ते दूध कमी पितं, मलूल पडतं, कधी तापाऐवजी अंग गार लागतं. म्हणूनच अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२१ साली दिलेल्या सूचनांतही तीन आठवड्यांपर्यंतच्या तापलेल्या बाळाचं रक्त, लघवी आणि पाठीतलं (मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं) पाणी तिन्ही तपासायला सांगितलं आहे, बाळ वरवर ठीक दिसलं तरी.

'महागडी अँटिबायोटिक्स.' सुरुवात सहसा अँपिसिलिन, जेंटामायसिन, सेफ्ट्रियाक्झोन अशा जुन्या आणि स्वस्त औषधांनी होते. बिल वाढतं ते खाटेच्या दिवसांनी. अतिदक्षता विभागात एका-दोन बाळांमागे एक नर्स, तीही रात्रंदिवस. वजनावर मोजलेला डोस, निघालेली सुई केसाएवढ्या शिरेत पुन्हा लावणारे हात, मॉनिटर, लॅब. महागडी औषधं लागतात ती जिवाणू या जुन्या औषधांना दाद देत नाहीत तेव्हा.

'पंधरा दिवस उगाच ठेवतात.' मेंदूज्वराचे दिवस जिवाणूवर ठरतात: मेनिंगोकोकसला ५ ते ७, हिबला (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी) ७ ते १०, न्युमोकोकसला १० ते १४, नवजात बाळात ई. कोलायसारखा जिवाणू असेल तर किमान २१. मेंदूभोवतीच्या पाण्यात औषध पुरेसं पोहोचायला मोठा डोस शिरेतूनच द्यावा लागतो. इथे दिवस वाचवायला जाऊ नये. मेंदूज्वराने मुलांची ऐकण्याची शक्ती जाऊ शकते, आणि श्रवणयंत्र, वाचा-उपचार, शाळेत मागे पडलेली वर्षं, यांतलं काहीच हॉस्पिटलच्या बिलात दिसत नाही.

आता मेसेजमधला खरा भाग. गरज संपल्यावरही सलाइन चालू राहतं, हे घडतं. रक्ताच्या कल्चरमध्ये (जिवाणू वाढतात का, हे बघायची तपासणी) खरे जिवाणू असले तर ते बहुतेकदा ३६ तासांत वाढून दिसतात. तोवर काही वाढलं नाही, बाकी तपासण्याही स्वच्छ आहेत आणि बाळ छान पितंय, तर अँटिबायोटिक पुढे चालवायला वेगळं कारण हवं. काही महिन्यांच्या मुलाला लघवीचा संसर्ग असेल आणि उलट्या नसतील, तर तोंडाने दिलेलं औषधही तितकंच काम करतं. हाडाच्या संसर्गातही मूल सुधारत असेल तर काही दिवसांनी शिरेतून तोंडावर येता येतं. म्हणून भरती टाळू नका, पण रोज राउंडला विचारा: 'कल्चरचं काय आलं? अजून शिरेतूनच का? तोंडाने कधी सुरू करू?' हे विचारायचा आईबापांना पूर्ण हक्क आहे आणि खर्च खरोखर कमी होतो तो याच प्रश्नांनी. (हिब आणि न्युमोकोकसच्या लसी वेळेवर, हे वेगळं सांगायला नको.)

राहिलं 'दोन दिवस वाट बघा'. जंतुसंसर्ग रक्तात पसरून रक्तदाब कोसळायला काही तासही पुरतात. मग व्हेंटिलेटर लागतो, रक्तदाब धरून ठेवणारी औषधं लागतात, आणि बिलही त्याच प्रमाणात वाढतं. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं, दूध सोडलं, जागं करूनही जागं होईना किंवा श्वास घेताना कण्हू लागलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.