अठरा हजारांचा टूथब्रश: ठाणेकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ठाणेकर,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यातला रागही सविस्तर आहे, म्हणून ‘मताबद्दल धन्यवाद’ म्हणून सुटका करून घेत नाही. मधेच आलेल्या वाचकांसाठी आधी वाद काय तो सांगते. मी लिहिलं होतं, की साध्या ब्रशवरून चार्जिंगच्या, म्हणजे इलेक्ट्रिक ब्रशवर जायला पैसे जरूर घाला, पण तीन-चार हजारांच्या वर जे काही मिळतं ते दातांपेक्षा हौसेसाठी जास्त आहे. त्यावर तुमचं म्हणणं: ‘मी अठरा हजारांचा घेतला आणि तीन महिन्यांत हिरड्यांतून रक्त यायचं थांबलं. मागच्या दाढा राहून जातात हे ॲपमुळे आयुष्यात पहिल्यांदा कळलं. पाच वर्षं धरली तर दिवसाला दहा रुपये पडतात, तेवढ्यात कटिंग चहा येत नाही. चष्म्याला कोणी कंजूषपणा करत नाही, मग दातांनीच काय पाप केलंय?’ आणि शेवटी, वडिलांसाठी तोच ब्रश अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवतोय, असंही.

रक्तापासून सुरुवात करते. तुमच्याच प्रतिक्रियेत मधे एक वाक्य आहे, ‘स्केलिंग करून आलो तेव्हा डॉक्टरांनीच इलेक्ट्रिक ब्रश सुचवला.’ म्हणजे एकाच सुमाराला तुमच्या तोंडात दोन गोष्टी घडल्या. दातांच्या मुळाशी धरलेलं कीटण हे दगडासारखं घट्ट झालेलं असतं. ते वीस रुपयांच्या ब्रशने निघत नाही आणि वीस हजारांच्याही नाही. ते डॉक्टरांच्या मशीननेच निघतं, त्यालाच स्केलिंग म्हणतात. कीटण निघालं आणि पुढे रोज नीट घासलं, की सुजलेल्या हिरड्या काही आठवड्यांत बसतात. त्यातून तुम्ही आधी हातब्रश वापरत होतात. तेव्हा श्रेयाची वाटणी करायचीच, तर पहिला वाटा स्केलिंगचा, दुसरा दोन मिनिटं घासायला लागलात त्याचा, तिसरा यंत्राच्या हालचालीचा. हे सगळं चार हजारांच्या आत मिळत होतं. वरच्या चौदा हजारांच्या वाट्याला यातलं नेमकं काय आलं, एवढाच माझा प्रश्न आहे.

(स्केलिंगचा विषय निघालाच आहे म्हणून: ‘क्लीनिंग केल्यावर दात हलायला लागतात’ म्हणून ते टाळणारे अजून घराघरांत आहेत. दात आधीच सैल झालेले असतात, कीटणाने त्यांना जखडून धरलेलं असतं. ते काढल्यावर खरी परिस्थिती दिसते, इतकंच.)

तुम्ही विचारलंत, माझ्या म्हणण्याला आधार काय. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेचा २०१४ चा आढावा आहे. त्यात ५६ चाचण्या आणि पाच हजारांवर माणसं होती. हातब्रशच्या तुलनेत इलेक्ट्रिक ब्रशने दातांवरचा थर पहिल्या एक ते तीन महिन्यांत ११ टक्के कमी झाला, तीन महिन्यांनंतर २१ टक्के. हिरड्यांची सूज अनुक्रमे ६ आणि ११ टक्के कमी. म्हणजे फायदा आहे, आणि तो मी नाकारलेलाच नाही. माझा अर्धा लेख त्यावरच होता. पण ही तुलना हातब्रश आणि इलेक्ट्रिक यांची आहे, स्वस्त इलेक्ट्रिक आणि महाग इलेक्ट्रिक यांची नाही. दुकानातला विक्रेता मात्र हेच आकडे वरच्या मॉडेलच्या खोक्यावर बोट ठेवून सांगतो. त्याच आढाव्यात असंही नमूद आहे, की या फरकाचं दातांच्या दृष्टीने प्रत्यक्षात किती महत्त्व आहे ते स्पष्ट नाही.

जर्मनीतला एक अभ्यास तर माझ्या बाजूने जास्तच बोलतो. त्या देशाच्या ईशान्येला, पोमेरेनिया भागात, हजारो लोकांच्या दातांवर अकरा वर्षं नजर ठेवली गेली आणि निष्कर्ष २०१९ मध्ये आले. इलेक्ट्रिक ब्रश वापरणाऱ्यांच्या हिरड्या हळू खराब झाल्या आणि त्यांचे दातही जास्त टिकले. यंत्र घेणारा माणूस मुळात दातांची जास्त काळजी घेणारा असू शकतो, हा आक्षेप उरतोच. तरीही निकाल दखल घेण्यासारखा आहे. पण जरा तारखा बघा. ही पाहणी २००० नंतरच्या पहिल्या दशकात सुरू झाली आणि फोनमधल्या ॲपला जोडले जाणारे ब्लूटूथचे ब्रश बाजारात आले २०१४ च्या सुमाराला. त्या लोकांचे दात वाचवले ते गरगरणाऱ्या, थरथरणाऱ्या साध्या यंत्रांनी. त्यांच्या ब्रशला ॲप नव्हतं आणि ‘आज तुम्ही ९२ टक्के घासलंत’ असं सांगणारं कोणी नव्हतं.

आता ॲप. इथे तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्यावर जरा थांबायला हवं. आपण सगळे एका ठरलेल्या वाटेने घासतो. रोज त्याच जागेवरून सुरुवात करतो, समोरचे दात आरशात दिसतात म्हणून ते चकाचक करतो आणि खालच्या दातांची जिभेकडची बाजू उरकून टाकतो. शेवटच्या दाढेची मागची भिंत तर कित्येकांच्या ब्रशने कधी पाहिलेलीच नसते. हे तुमच्या लक्षात आलं ते उत्तमच झालं. पण ॲपला थर दिसत नाही. ब्रश कुठल्या दिशेला किती कलला, किती हलला यावरून ते अंदाज बांधतं, की तुम्ही कुठे फिरलात. फिरलात म्हणजे तिथलं निघालं असं नाही.

थर बघायचाच असेल तर डेंटिस्टकडे एक गुलाबी रंगाचं द्रावण असतं. घासून झाल्यावर ते लावून चूळ भरली, की राहिलेला थर गुलाबी दिसतो. पुढच्या वेळी स्केलिंगला जाल तेव्हा मागा. खालच्या दातांच्या आतल्या बाजूला हिरडीलगत जी गुलाबी रेघ उमटते ती एकदा पाहिली, की माणूस जन्मभर तिथे ब्रश नेतो. शिवाय तुम्हीच लिहिलंय, की ‘हल्ली फोन बाथरूममध्ये नेत नाही, पण सवय झाली आहे.’ म्हणजे ॲपचं काम महिन्याभरात संपलं. त्या महिन्याचं भाडं मात्र बरंच झालं म्हणायचं.

दिवसाला दहा रुपयांचा हिशेब मला आवडला, पण त्यात हेड धरलेली नाहीत. ब्रशचं डोकं तीन महिन्यांनी बदलायचं, म्हणजे वर्षाला चार, पाच वर्षांत वीस. तुमच्या मॉडेलला जुनी स्वस्त हेड बसत नाहीत, त्याच मालिकेची लागतात. एक सातशेला धरू. वीस हेडचे झाले चौदा हजार, म्हणजे एकूण बत्तीस हजार आणि दिवसाला साडेसतरा रुपये. माझ्या बाजूने तीन हजारांचं यंत्र आणि अडीचशेची वीस हेड धरली, तर आठ हजार, दिवसाला साडेचार रुपये. सवलतीत भाव खालीवर होतील, गुणोत्तर फारसं हलणार नाही. आणि पाच वर्षं हे तुमचं गृहीतक आहे. वॉरंटी बहुतेक दोन वर्षांची असते आणि बॅटरी पाणी न शिरणाऱ्या कवचात बंद असते. ती बसली, की यंत्र बदलायचं, मग ते तीन हजारांचं असो की अठरा. टाकून देताना कुठलं जास्त जिवावर येईल ते तुम्हीच ठरवा.

चष्म्याचा दाखला तर तुम्ही माझ्याच हातात दिलात. चष्म्यात नंबर काचेत असतो, फ्रेमच्या किमतीत नसतो.

मग वर पैसे टाकण्यात काहीच अर्थ नाही का? आहे, एका गोष्टीसाठी: दाब ओळखणारा सेन्सर. आपल्याकडे जोर लावून घासणं म्हणजे स्वच्छ घासणं असा समज पक्का आहे. तीन आठवड्यांत ब्रशचे केस झाडूसारखे फाकत असतील, तर तुम्ही त्या जमातीतले. वर्षानुवर्षं असं घासलं, की हिरडी मागे सरकते, दाताच्या मुळाशी खाच पडते आणि थंड पाणी झिणझिणत जातं. झिजलेलं एनॅमल परत येत नाही. अगदी सुरुवातीच्या मॉडेलांत हा सेन्सर बहुधा नसतो. एक पायरी वर गेलं, की जोर जास्त झाल्यावर मोटर मंदावते किंवा मानेपाशी लाल दिवा लागतो. त्या पायरीचे हजार-पंधराशे मी डोळे मिटून देईन. तुमच्या ब्रशमध्ये दाब बरोबर असेल तर हिरवा दिवाही लागतो. छान आहे, पण लाल नाही म्हणजे ठीक आहे हे आपल्याला कळतं.

बाकी आवाज कमी, पाच-सात मोड, प्रवासाची डबी, याला मी हौस म्हणते, आणि हौसेला माझी ना नाही. ज्याला परवडतं त्याने घ्यावा, फक्त हिरड्यांच्या नावावर घेऊ नये. उरलेल्या पैशांत फ्लॉस किंवा दातांच्या फटीत फिरवायचे छोटे ब्रश घ्या. दोन दातांच्या मधली जागा कुठल्याच ब्रशच्या आवाक्यात नसते आणि बरीच कीड तिथूनच सुरू होते.

तुमच्या खाली आणखी एकांनी लिहिलंय, की ‘आमच्या आजीने जन्मभर मिश्री लावली, ऐंशीव्या वर्षी दात शाबूत.’ मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्येच बंदी केली, ती उगीच नाही. आजींना नमस्कार, पण या वादात त्यांना ओढू नका.

राहता राहिले तुमचे वडील. चौऱ्याहत्तर वय आणि हात थरथरतो असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्यासाठी इलेक्ट्रिक ब्रश घ्याच, कारण मनगटाची बारीक हालचाल यंत्र करतं, त्यांनी फक्त दातापाशी धरायचं. पण तुमचा स्क्रीनवाला त्यांना देऊ नका. मोड बदलायचं बटण चुकून दाबलं जाईल आणि दुसऱ्या आठवड्यात ब्रश कपाटात जाईल. जाड मूठ, एकच बटण, लहान गोल डोकं आणि दाबाचा सेन्सर एवढं बघा. पेसमेकर असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. चार्जरमध्ये चुंबकीय क्षेत्र असतं आणि कंपन्याही ही सूचना देतात. आईलाही हवा असेल तर मूठ एकच चालेल, हेड वेगळी ठेवा. काही हेडच्या तळाशी ओळखीसाठी रंगीत कडी असते.

दोन गोष्टी पहिल्याच दिवशी शिकवा. ब्रश तोंडात गेल्यावरच बटण दाबायचं, नाहीतर आरसा पेस्टने रंगतो. आणि घासायचं नाही, एकेका दातावर क्षणभर टेकवून पुढे सरकायचं. झाल्यावर हेड काढून दांडी धुवायची. हेड आणि दांडी यांच्या मधे पेस्टचं पाणी साचून जो काळा चिकट लेप होतो तो एकदा पाहिलात, तर सांगावं लागणार नाही.

भाच्याला मात्र घाई करू देऊ नका. तिकडे विकल्या जाणाऱ्या काही ब्रशचे चार्जर फक्त ११०–१३० व्होल्टचे असतात. आपल्याकडे २३० आहे. इथल्या दुकानात मिळणारी साधी कन्व्हर्टर पिन फक्त पिनेचा आकार बदलते, व्होल्टेज नाही, आणि चार्जर पहिल्याच दिवशी जळू शकतो. चार्जरच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘१००–२४०’ छापलेलं असेल, त्याचा फोटो भाच्याने पाठवला, तरच आणायला सांगा. नाहीतर इथेच घ्या, बिघडला तर वॉरंटीसाठी शिकागोला फोन लावावा लागणार नाही.