किड्स मीलमध्ये फ्राइज फिक्स आहेत

परवा पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाट उतरलो आणि मागच्या सीटवरून "भूक" सुरू झालं. लेक पाच वर्षांची. डब्यात मेथीची दशमी होती, पण रस्त्याकडेला मोठ्या काचांचं, आत घसरगुंडी असलेलं हॉटेल दिसल्यावर दशमीला कोण विचारतं! वळवली गाडी. हॉटेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हायवेवर कुठेही थांबा, पोरांचा मेन्यू सारखाच. छोटा बर्गर, फ्राइज, कोल्ड्रिंक आणि एक प्लॅस्टिकचं खेळणं.

काउंटरवर विचारलं, फ्राइजच्या जागी उकडलेला मका, काकडी, एखादं फळ, काहीही चालेल, मिळेल का? पलीकडचा पोरगा वीस-बावीसचा, आपल्याच भागातला. म्हणाला, "न्हाई मॅडम, किड्स मीलमध्ये फ्राइज फिक्स हायत. सिस्टीमलाच तसं येतंय." बरं, मग कोल्ड्रिंकच्या जागी पाणी? "पाण्याची बाटली येगळी घ्यावी लागंल." म्हणजे साखरेचं पाणी जेवणाच्या पैशात आणि साधं पाणी वरून. त्याच्यावर काय चिडणार, त्याच्या हातात एक स्क्रीन आणि मागे लाइन. घेतलं मुकाट्याने. (फ्राइजमधल्या निम्म्या मीच खाल्ल्या, हेही सांगून टाकते. नाहीतर नवरा खाली कमेंटमध्ये लिहील.)

बाहेर पार्किंगच्या तोंडाशी एक मावशी स्ट्रॉबेरीचे बॉक्स मांडून बसल्या होत्या. शंभरला दोन. वेगळ्या घेतलेल्या त्या बाटलीतल्या पाण्यानेच स्ट्रॉबेरी धुतल्या आणि लेकीपुढे धरल्या. ती म्हणाली, "ह्यात दे." फ्राइजचं रिकामं खोकं तिने टाकलंच नव्हतं. त्यात ओतल्या. गाडी सुरूर फाट्याला पोचेपर्यंत खोकं रिकामं, बोटं लाल. वर "अजून आहेत का?"

एरवी हीच पोरगी घरी वाटीतल्या स्ट्रॉबेरीकडे बघून "आंबट आहे" म्हणते. मग फरक कशाने पडला? खोक्याने?

हसू नका, खोक्याने पडतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2007 मध्ये 3 ते 5 वर्षांच्या 63 मुलांवर हेच करून पाहिलं होतं. तेच खाणं दोनदा द्यायचं, एकदा साध्या कागदात आणि एकदा मॅकडोनाल्ड्सच्या कागदात. गाजरंसुद्धा ठेवली होती. त्या दुकानात तेव्हा गाजरं विकतही नव्हते, तरी निम्म्याहून जास्त मुलांना छापील कागदावरचंच गाजर चवीला बरं लागलं. साधं गाजर चांगलं म्हणणारी साधारण पाव हिस्सा मुलं. जाहिरात पोरांच्या जिभेपर्यंत पोचते, असा त्याचा अर्थ लावून सगळे हळहळले, आणि ते बरोबरच आहे. पण मला त्यात दुसरंही दिसतं. पोरं गाजरावर रुसलेली नव्हतीच की! त्यांना त्या कागदातली गंमत हवी होती. आत बटाटा तळून भरायचा असं पोरांनी कुठे सांगितलंय? ते वरच्या मोठ्यांनी ठरवलं आणि आपण पैसे देऊन मान्य केलं.

"मुलांना हेल्दी आवडत नाही हो." हे वाक्य मी इतक्या वाढदिवसांत ऐकलंय, आणि स्वतःही म्हटलंय. पण आपण त्यांच्यासमोर ठेवलं कधी? म्हणजे हौसेच्या जागी, घसरगुंडीच्या शेजारी, रंगीत खोक्यात. घरी ओरडून भरवायचं आणि बाहेर बक्षीस म्हणून तळलेलं द्यायचं. पोरं हुशार असतात. शिक्षा कुठली आणि बक्षीस कुठलं हे त्यांना बरोबर कळतं.

अमेरिकेत सिल्व्हर डायनर नावाची हॉटेलांची साखळी आहे. त्यांनी 2012 मध्ये मुलांचा मेन्यू उलटा केला. जेवणासोबत आपोआप येणार ते फळ, भाजी किंवा सॅलड. फ्राइज आणि सोडा छापील मेन्यूतून काढले, पण बंद केले नाहीत. मागितलं की मिळणार. टफ्ट्स विद्यापीठाच्या लोकांनी आधीच्या आणि नंतरच्या ऑर्डरी तपासल्या. सोबतीला फळ-भाजीसारखं काही असलेल्या मुलांच्या ऑर्डरी 38 टक्क्यांवरून 74 टक्क्यांवर गेल्या. धंदाही बसला नाही. कुणी भाषण दिलं नाही, पोरांना जीवनसत्त्वं समजावली नाहीत. जे "फिक्स" होतं ते बदललं, बस्स.

आणि त्या आपोआप येणाऱ्या फळांत काय होतं माहितीये? स्ट्रॉबेरी!

इथे मात्र माझं डोकं फिरतं. देशातली सुमारे 85 टक्के स्ट्रॉबेरी आपल्या महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यात होते. 2010 पासून तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. ज्या हॉटेलात मी उभी होते तिथून वाई किती लांब आणि वाईवरून पसरणीचा घाट चढायला वेळ तो किती! एवढं असून आपल्या हॉटेलांत स्ट्रॉबेरी भेटते ती शेकमध्ये, क्रशमध्ये, क्रीमखाली गाडलेली. नुसती चार फळं धुऊन पोराच्या ताटलीत ठेवायची म्हटली की सिस्टीमला येत नाही.

हंगाम संपल्यावर काय, असं विचाराल. मका आहे. उकडलेल्या शेंगा आहेत. कोरेगावचा वाघ्या घेवडा आहे, त्याची गोडसर उसळ लहान पावात भरली तर माझी लेक बर्गर समजून खाते. (खाते म्हणजे खाल्लीय. दोनदा.)

नवऱ्याचं म्हणणं, "कधीतरी खातंय पोरगं, खाऊ दे की." आमच्या लहानपणी कधीतरी म्हणजे राजवाड्याच्या चौपाटीवर महिन्यातून एकदा, तेही बाबांचा मूड असला तर. आता पुण्याची फेरी, वर्गातले वाढदिवस, चांगले मार्क, पाहुणे आले, पाहुणे गेले. कधीतरीचं दर रविवारी कधी झालं ते कळलंच नाही.

सासूबाईंचं तर वेगळंच. पोरीने दोडका थुंकला की मी लगेच "तिला नाही आवडत" म्हणून मोकळी. त्या म्हणतात, "आगं, एकदा थुकलं म्हंजे आवडत न्हाई असं कुटं असतं? परत ठिव ताटात. आज न्हाई तर परवा खाईल." बालआहाराचे अभ्यासकही वेगळं सांगत नाहीत. नवी चव लहान मुलाच्या ओळखीची व्हायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. माझा धीर दुसऱ्या वेळेला संपतो. त्या हॉटेलवाल्याने तर पहिल्यांदाही ठेवलं नाही.

कायद्याने होईल का? सॅन फ्रान्सिस्कोत 2010 मध्ये नियम झाला. खेळणं फुकट द्यायचं तर जेवणात फळ-भाजी हवी, मीठ आणि कॅलरी मर्यादेत हव्यात. कंपन्यांनी काय करावं? खेळण्याचे 10 सेंट वेगळे लावले आणि जेवण तेच ठेवलं. व्यापारी सगळीकडचा सारखाच. कॅलिफोर्नियाने 2019 पासून मुलांच्या जेवणासोबत आपोआप येणारं पेय पाणी किंवा दूधच असावं असं केलं, ते मला जास्त पटतं. सोडा मागा, मिळेल, पण मागायला लागेल. आपल्याकडे 2020 च्या नियमाने शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-तेलाचं खाणं विकायला बंदी आहे. चांगलंच आहे. पण हायवेला फाटक कुठलं?

ते प्लॅस्टिकचं खेळणं लिंबखिंडीपर्यंतसुद्धा टिकलं नाही, चाक निघालं. खोकं मात्र लेकीने घरी आणलंय आणि काल त्यात मक्याचे दाणे मागितले. दिले. चार दाणे खाऊन बाकीचे सोफ्यात सांडले, म्हणजे सगळंच काही फत्ते झालेलं नाही.

तर साताऱ्यात कुणाचं हॉटेल असेल, किंवा ओळखीत कुणाचं असेल, आणि ते पोरांच्या मेन्यूत आपोआप फळ किंवा मका द्यायला तयार असतील तर मला सांगा. रविवारी लेकीला आणि तिच्या चार मैत्रिणींना घेऊन येते. खेळणं नसलं तरी चालेल, रंगीत खोकं तेवढं ठेवा. आणि पाण्याचे पैसे वेगळे लावू नका.