‘यात कसब कसलं?’ : अक्कोळच्या काकांना उत्तर

काका, तुम्ही वय सत्तर लिहिलंय, म्हणून काकाच म्हणतो. उत्तराला आठ दिवस लागले, कारण दोन ओळींत आटपावं अशी तुमची प्रतिक्रिया नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की रिमोटवर विमान उडवणं हे कसब आहे आणि ते खऱ्या वैमानिकाच्या तोडीचं आहे. त्यावर काकांनी लिहिलं: "माझे वडील पेरणीची कुरी धरायचे. चाड्यावर त्यांची मूठ असली की पेर कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही. त्याला कसब म्हणतात. तुम्ही बांधावर उभं राहून दोन काड्या हलवता. आत जायरो असतो, तोच विमान सरळ करतो. पडलं तर फोम मोडतो, माणसाला खरचटतसुद्धा नाही. आणि पडलेलं विमान शोधायला आमच्या उसात शिरता, त्याचं काय?"

‘वैमानिकाच्या तोडीचं’ हे शब्द मी मागे घेतो. वैमानिकाच्या मागे माणसं बसलेली असतात, ती जबाबदारी माझ्या बोटांवर कधीच नसते. तिथे माझा हात वाहवला होता. ‘कसब’ हा शब्द मात्र सोडवत नाही, आणि का सोडवत नाही ते तुमच्या वडिलांच्या मुठीवरूनच सांगता येईल.

चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या कुरीवरच्या वाटीवर, मूठ धरणारा माणूस बी पडताना बघत नाही. बैलाची चाल पायाला कळते, ढेकळावरून कुरी उचलली की रुमण्यातून हाताला कळतं, दाणे बोटांमधून सुटतात ते बोटांना कळतं. रान त्याच्याशी सतत बोलत असतं. पतंगाचंही तसंच, वारं वर काय करतंय ते मांजा बोटाला सांगतो. निपाणीत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. तार किती ताणली की तुटेल हे मलाही हातानेच समजतं. रिमोटच्या काडीला मात्र काहीच कळत नाही. तिच्याखाली स्प्रिंग असते, ती विमान उडत असताना जेवढी घट्ट तेवढीच विमान कोसळत असताना. विमान डगमगतंय, जड झालंय, आता पडणार आहे, यातलं काही हाताशी येत नाही. बसायला खुर्ची नाही, वेगाचा काटा नाही. आहे ती फक्त नजर. हाताला जे कळायला हवं ते सगळं डोळ्यांना कळावं लागतं, आणि डोळा फसतो.

किती फसतो ते बघा. माझ्या विमानाच्या पंखांची लांबी १.२ मीटर. दीडशे मीटरवर गेलं की ते आकाशात जवळपास पौर्णिमेच्या चंद्राएवढं दिसतं, तीनशेवर त्याच्या निम्मं. उजळ आभाळापुढे ती नुसती काळी आकृती. डावा पंख खाली आहे, पण विमान माझ्याकडे येतंय की लांब जातंय? दोन्ही आकृत्या एकच. म्हणून आम्ही पंखाची वरची बाजू आणि खालची बाजू वेगवेगळ्या रंगाची करतो. तरी संध्याकाळी ऊन तिरपं झालं की रंगही जातो, तेव्हा उतरवून घरी जावं.

त्यात उलटापालटीचा घोळ. विमान लांब जाताना माझी उजवी ती त्याची उजवी. वळून माझ्याकडे यायला लागलं की माझी उजवी ही त्याची डावी. काडी उजवीकडे दाबली की ते माझ्या डावीकडे झुकतं. नवखा माणूस घाबरून काडी आणखी दाबतो, विमान आणखी झुकतं आणि तीन सेकंदांत जमिनीत. शिकवताना मी एकच सांगतो: समोरून येत असेल तर जो पंख खाली दिसतो त्या बाजूला काडी ढकल, त्या पंखाला टेकू दिल्यासारखी. एवढ्यावर पोरं पहिले काही महिने निभावतात. पण विचार करून काडी हलवली की उशीर झालेलाच असतो. आठाच्या आकड्यात, दर वळण स्वतःकडे तोंड करून, शेकडो फेऱ्या मारल्यावर एक दिवस तो विचार गळून पडतो. मला त्याला दीड वर्ष लागलं.

सगळ्यात अवघड काय विचाराल, तर वारं.

विमानाला जमीन माहीत नसते, त्याला फक्त भोवतालची हवा माहीत असते. मला मात्र जमिनीवरून फक्त जमिनीचा वेग दिसतो. समजा विमान हवेत ताशी ४० किलोमीटरने चाललंय आणि वारं २० चं आहे. वाऱ्याच्या तोंडावर ते मला २० ने रांगताना दिसतं. वळून वाऱ्याच्या पाठीवर आलं की तेच ६० ने धावताना दिसतं. प्रत्यक्षात हवेतला वेग तोच, ४०. पण डोळा ओरडतो, ‘पळालं, आवर!’ म्हणून माणूस थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, कमी करतो आणि एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी, ओढतो. दिसणारा वेग ४५ वर आला की त्याला बरं वाटतं. हवेतला वेग तेव्हा २५ उरलेला असतो. ते विमान २८ च्या खाली तरत नसेल, तर पंखांवरची हवा सुटते आणि ते दगडासारखं खाली येतं. यालाच स्टॉल म्हणतात. वळणात तर हा आकडा वाढतो: विमान ६० अंशांत झुकवून उंची न सोडता वळवलं तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि २८ चे जवळपास ४० होतात. माझी पहिली दोन विमानं अशीच गेली. दोन्ही वेळा मी रेडिओला, म्हणजे रिमोटला, दोष दिला. रेडिओ ठणठणीत होता.

आता जायरो. जायरो पंख सपाट ठेवतो हे तुमचं खरं. नवशिक्याला मी स्वतः लावून देतो, त्यात कमीपणा नाही. पण त्याला विमान किती झुकलं एवढंच कळतं. वारं कुठून आहे, समोर जांभळीचं झाड आहे की मोकळं रान, वेग किती उरलाय, हे त्याच्या गावीही नसतं. उलट वेग संपत आला आणि एक पंख खाली घसरला की जायरो तो उचलायला त्याच पंखाचा एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची हलती पट्टी, खाली पाडतो. त्या पंखावरची हवा तेव्हा सुटायच्या बेतात असते, ती पुरती सुटते, आणि जे विमान वेग देऊन वाचलं असतं ते गिरक्या घेत खाली येतं. तिथे आधी नाक खाली करायचं, वेग मिळवायचा, मग पंख सरळ करायचा. जमीन जवळ असताना नाक आणखी खाली दाबायचं हे मनाला पटत नाही. हात तसा घडवावा लागतो.

यंत्राने सगळं होतं म्हणणाऱ्यांना मी २००३ ची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या मेनार्ड हिल यांचं पाच किलोच्या आतलं मॉडेल विमान ऑगस्टमध्ये कॅनडाच्या न्यूफाउंडलंडहून निघालं आणि सुमारे ३९ तासांनी आयर्लंडला उतरलं, तीन हजार किलोमीटर अटलांटिक पार करून. समुद्रावर ते ऑटोपायलटवर होतं. पण निघताना वर चढवलं आणि शेवटी जमिनीवर टेकवलं ते माणसांच्या हातांनी. यंत्र सरळ रेषेत बळकट असतं; जमिनीजवळचं काम वेगळं.

आणि जमिनीजवळ आपल्याकडे ऊस असतो. माघ-फाल्गुनात तंबाखूचं रान मोकळं झालं की आम्ही तिथे उडवतो, पण पश्चिमेला बहुधा उसाचा फड असतोच. फडावरून येणारं वारं त्याच्या आडोशाला एकदम मरतं. विमान उतरायला खाली येतं, समोरचं वारं नाहीसं होतं, त्यासरशी हवेतला वेग तेवढा तुटतो, आणि शेवटच्या दोन मीटरवर ते धप्पकन बसतं. म्हणून अशा रानात वेग थोडा जास्त राखून यायचं आणि फडापासून लांब टेकायचं. निपाणीजवळच्या तवंदी घाटात कडेला वारं वर चढतं, तिथे मोटर बंद करून तरंगता येतं. त्याच टेकडीच्या मागच्या अंगाला तेच वारं विमान खाली दाबतं. हे मला पुस्तकापेक्षा बांधावरच्या शेतकऱ्यांनी जास्त शिकवलं. धूर कुणीकडे वळतोय, तुरा कसा हलतोय, हे त्यांना मान वर न करता कळतं.

‘माणसाला खरचटतसुद्धा नाही’ हे मात्र पार चूक आहे, आणि इथे मला थोडं रागावून बोलू द्या, कारण पोरं हेच ऐकून बेफिकीर होतात. दीड किलोचं विमान ताशी ६० ने आलं तर १४ मीटर उंचीवरून दीड किलोचं वजन डोक्यात पडावं तेवढा मार बसतो. पंखा मिनिटाला आठ-दहा हजार फेरे घेतो, बोट ठेवत नाही. सरकारच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानाची व्याख्याच अशी आहे की वजन २५ किलोच्या आत आणि उडवायचं ते नजरेच्या टप्प्यातच. विमानतळांच्या आसपास बंधनं आणखी कडक, म्हणून बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या बाजूला आम्ही जातच नाही. माणसं किंवा गुरं दिसली की त्यांच्यावरून न्यायचं नाही. ताबा जातोय असं वाटलं तर वाचवायच्या नादी न लागता थ्रॉटल बंद करून मोकळ्या रानात आपणहून आपटायचं. चार महिने खपून बनवलेलं विमान स्वतःच्या हाताने आपटणं, हे मी एकदाच केलंय. पलीकडे बाया भांगलत होत्या.

राहिला ऊस. तिथे तुमचं बरोबर आहे, काका. आमच्यातल्या काहींनी सरी सोडून आडवं घुसून ऊस मोडलाय, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण विमान तसंच सोडूनही चालत नाही. आत लिथियमची बॅटरी असते, ठेचली गेली तर पेट घेऊ शकते, आणि खाली वाळलेला पाला. तीन वर्षांमागे माझं एक विमान फडात गेलं, दोन दिवस शोधून मिळालं नाही, आणि मी मालकाला न सांगता गप्प बसलो. पुढे दीड महिना त्या रानाकडे बघवत नव्हतं. ऊसतोडीला टोळी आली तेव्हा ते सापडलं. मालकाने ते गोठ्यात खुंटीला टांगून ठेवलं होतं, बॅटरी सोडवून बाहेर दगडावर ठेवली होती. मला म्हणाला, "सांगितलं असतंस तर त्याच दिवशी मिळालं असतं, माझ्या पोरांना सरी न् सरी माहीत आहे."

तेव्हापासून विमानात बझर असतो, सिग्नल तुटला की वाजत राहतो. विमान पडलं की उडवणारा जागचा हलत नाही, जिथे दिसेनासं झालं त्या रेषेतलं एक झाड नजरेत धरून उभा राहतो. दुसरा आधी मालकाकडे जातो, आणि मालक म्हणेल त्या सरीतून आत शिरतो. पुढच्या वेळी आमच्यातला कुणी आडवा घुसताना दिसला तर त्याला तिथेच थांबवा आणि मला कळवा. मोडलेल्या उसाचे पैसे मी देईन.