मालकाचं उत्तर: ते हेरिंग कुजलेलं नव्हतं

नमस्कार दादा,

व्हँकूवरहून आदल्या दिवशी फेरी पकडून, कुटुंबाला घेऊन व्हँकूवर बेटावरच्या सूकपर्यंत आमच्या बोटीतून सामन (सॅमन) मासे धरायला आलात आणि दिवस मनासारखा गेला नाही, याचं वाईट वाटलं. चहा गार होता, मुलांना बोट लागली, हे लिहिलंत ते खरं आहे. त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

पण पाचपैकी एक तारा देऊन खाली जे लिहिलंत, "निळे पडलेले, केमिकल मारलेले, कुजके मासे आमिष म्हणून वापरतात आणि अर्धा वेळ ते कापण्यात घालवतात", त्यावर गप्प बसवत नाही. मी मालवणचा आहे. कुजकी मासळी हातात धरायची आमच्या घरात रीत नाही.

ते निळं पाणी म्हणजे नीळ. आपल्या आज्या पांढऱ्या धोतरांना घालायच्या तसलीच. हेरिंग हा आपल्या तारलीच्या नात्यातला मासा. इथे तो आमिषासाठी ट्रेमध्ये गोठवलेला मिळतो, पण नुसता विरघळवला तर मऊ पडतो, खवले झडतात, गळ मांसातून निसटतो. म्हणून आदल्या रात्री बर्फाच्या पाण्यात जाडं मीठ घालून त्यात तो ठेवायचा. मीठ आयोडीन नसलेलं. मांस घट्ट होतं, खवले बसून राहतात आणि निळीच्या चार थेंबांनी चमक उठून दिसते. या किनाऱ्यावरचे जुने लोकही हेच करतात. कुजलेला मासा असा ताठ राहत नाही, दादा, तुम्ही बोटाने दाबून पाहिला होतात.

आता कापण्याचं. डोकं सरळ उडवलं तर तो तुकडा पाण्यात ओंडक्यासारखा ओढला जातो, सामन त्याच्याकडे बघतही नाही. सुरी तिरकी लागते: बाजूने पाहिलं तर साधारण 45 अंशांत, आणि वरून पाहिलं तरी एक कूस लांब, दुसरी आखूड. मग पोटातलं सगळं काढून पोकळी साफ करायची, पुढचा गळ आतून घालून कण्याजवळून बाहेर काढायचा, मागचा शेपटीकडे मोकळा ठेवायचा. एवढं झाल्यावरच ते जखमी माशासारखं गिरकी घेतं. कोहो आणि चिनूक या सामनच्याच जाती: कोहोला गिरकी जलद लागते, चिनूकला संथ आणि रुंद. म्हणून प्रत्येक आमिष खाली सोडण्याआधी मी बोटीच्या कडेला पाण्यात धरून बघतो आणि नीट फिरत नसेल तर बदलतो. तुम्ही त्याला "टाइमपास" म्हटलंत. मी त्यालाच काम म्हणतो, बाकी बोट तर कोणीही चालवेल.

आणि जे तुमच्या रिव्ह्यूत नाही तेही लिहावं लागतंय. तुमच्या मेव्हण्यांनी सनस्क्रीन लावलेल्या हातांनी ट्रेमधले हेरिंग उचलले, फोटोसाठी उन्हात बाकावर मांडले आणि खवले निघेपर्यंत हाताळले. सामनचं नाक फार तिखट असतं. मी स्वतः बिनवासाच्या साबणाने हात धुऊन आमिषाला हात लावतो. ते हेरिंग टाकून मला नवे कापावे लागले. तुम्ही जो "वाया गेलेला वेळ" मोजलात, त्यातला बराचसा हाच. त्यांच्यावर मी आवाज चढवला म्हणता. चढला असेल थोडा.

वेळेचंही तसंच. निघायचं पहाटे साडेपाचला ठरलं होतं, तुम्ही धक्क्यावर आलात सव्वासहाला. भरती-ओहोटीच्या पालटाला मासा लागतो, आणि पालट आपल्यासाठी थांबत नाही.

हाती आलेला कोहो सोडायला लावला, हाही राग दिसतो. त्याच्या पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर शाबूत होता, म्हणजे तो नैसर्गिक वाढीचा मासा धरला जातो. तेव्हा इथे हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवून हा पर कापून सोडलेला कोहोच ठेवता येत होता. याच कायद्याने गळालाही उलटा काटा चालत नाही. नियम सरकारचा आहे. दंड मात्र मला झाला असता.

आमचा हंगाम चार महिन्यांचा, बोटीचा हप्ता बारा महिन्यांचा. तुमचं लिहिलेलं वाचून एका ताईंनी बुकिंग करण्याआधी फोन करून विचारलं, "तुम्ही सडके मासे वापरता का हो?" काय उत्तर द्यायचं?

असो. पुढे निघण्यापूर्वी आमिषाबद्दल सगळ्यांना थोडं समजावून सांगायचा विचार आहे, ट्रेला झाकणही बघतो, आणि चहाचं काहीतरी करतोच. तारा एकच ठेवलात तरी चालेल. तेवढं "कुजके" आणि "केमिकल" काढता आलं तर पाहा. पुन्हा यायचं मनात आलं तर ऑगस्टअखेरच्या काही सकाळी अजून रिकाम्या आहेत, मात्र निघायची वेळ साडेपाचचीच.